पासवर्डच्या चौकटीची राखण

पडेगाव (छत्रपती संभाजीनगर) : छावणी भागातून दौलताबादकडे निघालेला रस्ता पडेगाव, मिटमिटा मागे टाकत देवगिरीच्या पायथ्याशी पोहोचतो. या किल्ल्याचा कडा तासलेला आहे, भोवती खोल खंदक आहे. तरीही बांधणाऱ्यांनी सर्वाधिक बुद्धी वेचली ती वर जाणाऱ्या वाटेवर. अंधाऱ्या भुयारातून जाणारी ही वाट राखली, तरच तटबंदीला अर्थ होता. याच रस्त्यालगतच्या वसाहतींत आज घरोघरी विजेचे बिल, बँकेचा व्यवहार, महाविद्यालयाचा प्रवेशअर्ज असे सारे मोबाइल वा संगणकाच्या पडद्यावर होते. तेथेही आत जाण्याची एक वाट असते. ती म्हणजे ‘पासवर्ड’ असे लिहिलेली, बोटभर लांबीची रिकामी चौकट.

पासवर्ड म्हणजे परवलीचा शब्द. पहारेकऱ्याने विचारावा आणि येणाऱ्याने हळूच सांगावा, असे त्याचे मूळ रूप. सुरक्षेची चर्चा निघाली की बहुतेक उपदेश वापरकर्त्याला केला जातो : शब्द अवघड ठेवा, कोणाला सांगू नका, लिहून ठेवू नका. हा उपदेश रास्त असला तरी अपुरा आहे. शब्द मनातून बोटांत, बोटांतून पडद्यावर आणि पडद्यावरून दूरच्या संगणकापर्यंत जातो, त्या प्रवासातील बहुतेक टप्पे वापरकर्त्याच्या हाती नसतात. ते प्रणाली तयार करणाऱ्यांच्या हाती असतात. ही चौकट कशी असावी, तिच्यात टंकलेल्या शब्दाचे पुढे काय व्हावे आणि काय होऊ नये, याचे शास्त्र गेल्या सहा दशकांत घडत गेले आहे.

पुण्याची दोन प्रकरणे

या प्रवासात शब्द कोठे निसटतो, हे महाराष्ट्राने दोन वेगळ्या रूपांत पाहिले आहे. एप्रिल २००५ मध्ये पुण्यात उघडकीस आलेल्या प्रकरणात एम्फसिस कंपनीच्या कॉल सेंटरमधील आजी-माजी कर्मचाऱ्यांना अटक झाली. हे केंद्र सिटी बँकेच्या अमेरिकेतील ग्राहकांना दूरध्वनीवरून सेवा देत असे. कर्मचाऱ्यांनी बोलता बोलता ग्राहकांचा विश्वास संपादन करून त्यांचे पिन क्रमांक काढून घेतले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यात बनावट नावांनी उघडलेल्या खात्यांकडे वळवले. बँकेची संगणकप्रणाली कोणी फोडली नव्हती. जो क्रमांक केवळ ग्राहकाने यंत्राला द्यावयाचा, तो माणसाने माणसाला सांगितला, एवढेच घडले होते.

दुसरे प्रकरण पुण्यातीलच एका उद्योगाचे. या उद्योगाच्या संचालकांनी एका फसव्या ई-मेलला उत्तर दिले आणि कंपनीच्या पंजाब नॅशनल बँकेतील खात्यातून ८० लाख १० हजार रुपये परस्पर अन्यत्र गेले. माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार अशा नुकसानभरपाईचे दावे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे न्यायनिर्णय अधिकारी या नात्याने चालतात. २०१३ मध्ये तत्कालीन सचिव राजेश अग्रवाल यांनी या दाव्यात बँकेने तक्रारदारास ४५ लाख रुपये द्यावेत, असा आदेश दिला. फसव्या ई-मेलला प्रतिसाद दिल्याबद्दल तक्रारदारानेही नुकसानीचा वाटा सोसावा. मात्र ज्या बनावट खात्यांत पैसे गेले, ती उघडताना पुरेशी तपासणी न करणाऱ्या बँकेलाही हात झटकता येणार नाहीत, असे या निर्णयाचे सार होते. शब्द निसटला तर दोष कोणाचा, या प्रश्नाला त्यातून मिळालेले उत्तर महत्त्वाचे आहे : तो दोष एकट्या ग्राहकाचा मानून चालत नाही.

कागदावरून पडद्यावर

संगणकासाठी परवलीचा शब्द प्रथम रूढ झाला तो अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत. फर्नांडो कोर्बातो आणि सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये दाखवलेल्या कालविभागणी प्रणालीत एकच मोठा संगणक अनेकजण एकाच वेळी वापरत. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राखण्यासाठी प्रत्येकाला एक शब्द देण्यात आला. पुढे १९६६ मध्ये या प्रणालीत एक विलक्षण प्रकार घडला. दोन प्रचालक एकाच वेळी दोन निरनिराळ्या फायली दुरुस्त करीत असता तात्पुरत्या प्रतींची अदलाबदल झाली. परिणामी, प्रणालीत प्रवेश करणाऱ्या प्रत्येकाला स्वागताच्या सूचनेऐवजी सर्वांच्या पासवर्डची यादी दिसू लागली. पासवर्ड जसाच्या तसा साठवणे किती धोक्याचे, याचा हा पहिला धडा.

त्या काळी पडदे नव्हते. टंकलेला मजकूर टेलिप्रिंटरसारख्या यंत्राच्या कागदावर उमटे. पासवर्डही तसाच उमटला तर टोपलीत टाकलेल्या कागदावरून तो कोणालाही वाचता आला असता. म्हणून शब्द टंकताना छपाई थांबवण्याची सोय करण्यात आली. ज्या यंत्रांत ती थांबवता येत नसे, तेथे आधी एकावर एक अक्षरे ठोकून काळा पट्टा छापला जाई आणि वापरकर्ता त्यावर आपला शब्द टंकत असे. आजच्या चौकटीतील ठिपके या काळ्या पट्ट्याचे वंशज होत. १९९५ मधील एचटीएमएल भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रमाण मसुद्यात पासवर्डसाठी स्वतंत्र चौकटीची तरतूद झाली आणि ठिपके जगभर पोहोचले.

ठिपक्यांचा पडदा

ठिपके केवळ शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेपासून रक्षण करतात. यंत्रात शिरलेल्या घातक प्रोग्रामपासून किंवा बनावट संकेतस्थळापासून ते वाचवू शकत नाहीत. उलट, काय टंकले ते दिसत नसल्याने चुका वाढतात आणि कंटाळलेला वापरकर्ता सोपा, आखूड शब्द निवडतो. याच कारणावरून वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी २००९ मध्ये ठिपके बंदच करावेत, असे मत मांडले. सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांनी प्रथम त्यास दुजोरा दिला, पण काही दिवसांतच आपली भूमिका सौम्य केली.

त्या वादातून पुढे रूढ झालेली तडजोड म्हणजे चौकटीच्या उजव्या कडेला असलेले डोळ्याचे चिन्ह. आरंभी ठिपकेच दिसावेत, वापरकर्त्याने मागितले तरच अक्षरे दिसावीत आणि चौकट सोडताच पुन्हा झाकली जावीत, ही पद्धत आज योग्य मानली जाते. मोबाइलवर शेवटचे अक्षर क्षणभर दाखवून झाकण्याची रीतही याच जातीची. मोठ्या अक्षरांची कळ चुकून दाबलेली राहिल्यास चौकटीखाली तशी सूचना द्यावी, हेही तितकेच आवश्यक.

मात्र डोळ्याचे चिन्ह निष्काळजीपणे बसवले तर त्यातून नवी गळती होते. डोळा दाबताच पासवर्डची चौकट यंत्राच्या लेखी साध्या मजकुराची चौकट बनते. ब्राउझरमध्ये विस्तारित शुद्धलेखन तपासणी सुरू असल्यास तिच्यातील मजकूर तपासणीसाठी बाहेरच्या संगणकाकडे जाऊ शकतो, हे सप्टेंबर २०२२ मध्ये सुरक्षासंशोधकांनी दाखवून दिले. चौकटीला ‘येथे शुद्धलेखन तपासू नये’ अशी एक सूचना जोडली की हा धोका टळतो. मोबाइलवरील कळफलकालाही ही पासवर्डची चौकट आहे, असे सांगावे लागते. ते न सांगितल्यास कळफलक तो शब्द आपल्या कोशात शिकून ठेवतो आणि पुढे एखादा निरोप लिहिताना तोच शब्द सुचवू लागतो.

देवनागरीचा पेच

मराठी वापरकर्त्यापुढे आणखी एक अडचण असते. मोबाइलवर मराठी कळफलक सुरू राहिला आणि चौकटीत ठिपकेच दिसत असले, तर आत रोमन अक्षरे गेली की देवनागरी, हे कळत नाही. अंकांचेही तसेच. देवनागरी ‘४’ आणि रोमन लिपीतील चार हे माणसाला एकच, पण संगणकाला दोन निराळी चिन्हे वाटतात. तीन वेळा बरोबर क्रमांक टाकूनही खाते बंद पडते, ते कित्येकदा यामुळे. पिन क्रमांकासाठी प्रणालीने स्वतःचा अंकफलक दाखवावा किंवा कोणत्याही लिपीतील अंक आतल्या आत एकाच रूपात बदलून घ्यावेत, हा त्यावरील साधा उपाय आहे.

ज्या प्रणाली देवनागरी पासवर्ड स्वीकारतात, त्यांना अधिक सावध राहावे लागते. ‘दऱ्या’ हा शब्द युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो. काही कळफलक ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, तर काही साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे न दिसणारे जोडचिन्ह घालतात. डोळ्यांना दोन्ही शब्द सारखेच, संगणकाला मात्र भिन्न. पासवर्ड साठवण्यापूर्वी अक्षरांचे प्रमाणीकरण करावे, असे तज्ज्ञ सांगतात. परंतु युनिकोडचे प्रमाणीकरण सारेच भेद मिटवत नाही आणि वरील भेद त्यांपैकीच एक आहे. घरच्या संगणकावर ठरवलेला मराठी पासवर्ड दुसऱ्या मोबाइलवर नाकारला जातो, तो यामुळे. लांबी मोजण्याचाही प्रश्न आहेच. ‘क्षेम’ हा वाचताना दोन अक्षरांचा शब्द युनिकोडच्या हिशेबाने क, हलन्त, ष, एकाराची मात्रा आणि म अशा पाच चिन्हांचा होतो. ‘किमान आठ अक्षरे’ असे मराठीत लिहिणाऱ्या संकेतस्थळाने आपण काय मोजतो, हे वापरकर्त्याला स्पष्ट सांगावयास हवे.

चौकटीपासून सर्व्हरपर्यंत

सायबर कॅफेंच्या भरभराटीच्या काळात दाबलेल्या कळा गुपचूप नोंदवणाऱ्या प्रोग्रामची मोठी धास्ती होती. त्यावर उपाय म्हणून भारतीय बँकांनी आपल्या संकेतस्थळांवर पडद्यावरचा कळफलक आणला. त्यावर माउसने टिचकी मारून अक्षरे निवडावयाची आणि काही ठिकाणी कळांचा क्रमही दरवेळी बदलावयाचा. कळांच्या नोंदी करणाऱ्या साध्या प्रोग्रामविरुद्ध त्याचा उपयोग होतो. परंतु प्रत्येक टिचकीबरोबर पडद्याचे छायाचित्र टिपणाऱ्या प्रोग्रामपुढे तो निष्प्रभ ठरतो, मागे उभ्या असलेल्या माणसाला अक्षरे वाचणे सोपे करतो आणि दृष्टिहीन वापरकर्त्यांची गैरसोय करतो. म्हणून तो पर्याय म्हणून ठेवावा, सक्ती करू नये, असा कल आता दिसतो.

चौकटीतून निघालेला शब्द सांकेतिक रूपातच पुढे जावा, यासाठी संकेतस्थळाचा पत्ता ‘एचटीटीपीएस’ने सुरू होणे ही किमान अट आहे. त्याखेरीज काही चुका प्रणाली घडवणाऱ्यांनी कटाक्षाने टाळावयाच्या असतात. पासवर्ड संकेतस्थळाच्या पत्त्याचा भाग बनून जाता कामा नये. तसे झाल्यास तो ब्राउझरच्या इतिहासात आणि वाटेतील संगणकांच्या नोंदवह्यांत राहून जातो. प्रवेशाच्या पानावर जाहिरातींचे किंवा वाचकसंख्या मोजणारे परके प्रोग्राम असू नयेत, कारण त्या पानावरील चौकटीत काय लिहिले जाते, ते त्यांना वाचता येते. शब्द चुकल्यास ‘नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे’ एवढेच सांगावे. ‘नाव बरोबर, पासवर्ड चुकीचा’ असे उत्तर मिळाले की कोणाचे खाते अस्तित्वात आहे, हे चोराला फुकट कळते.

स्मृती आणि नोंदवह्या

संगणकात बसवलेल्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत आणखी एक बारकावा असतो. टंकलेला पासवर्ड काही काळ संगणकाच्या स्मृतीत राहतो. प्रोग्राम अचानक बंद पडला तर स्मृतीची प्रत डिस्कवर लिहिली जाऊ शकते आणि तिच्यात तो शब्द सापडू शकतो. म्हणूनच जावा भाषेतील पासवर्डची चौकट टंकलेला शब्द अखंड मजकुराऐवजी सुट्या अक्षरांच्या मालिकेत देते. काम झाले की प्रोग्रामने प्रत्येक अक्षराच्या जागी शून्य भरून ती मालिका पुसावी, हा त्यामागील हेतू. अखंड मजकूर जावामध्ये बदलता येत नाही. तो आपोआप साफ होईपर्यंत स्मृतीत पडून राहतो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२१ मध्ये डिजिटल देयकांच्या सुरक्षेविषयी काढलेल्या निर्देशांतही मोबाइल अ‍ॅपने ग्राहकाची संवेदनशील माहिती तो बाहेर पडताच स्मृतीतून पुसावी, ठरावीक काळ हालचाल नसल्यास सत्र आपोआप बंद व्हावे आणि चुकीच्या प्रयत्नांना मर्यादा असावी, असे सांगितले आहे.

सर्व्हरवर पासवर्ड मूळ रूपात साठवू नये, हा नियम जुना आहे. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात युनिक्स प्रणालीतील पद्धत वर्णन केली. तीत पासवर्डवर उलट न फिरवता येणारी गणिती प्रक्रिया करावयाची आणि त्यापूर्वी त्यात प्रत्येक खात्यासाठी वेगळे, यादृच्छिक अंक मिसळावयाचे. या मिश्रणाला तेव्हापासून ‘मीठ’ म्हटले जाते. त्यामुळे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी साठवलेले रूप वेगळे राहते. हा नियम न पाळल्याचे फळ रॉक-यू या अमेरिकी कंपनीला डिसेंबर २००९ मध्ये मिळाले. तिचे सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड मूळ रूपातच चोरांच्या हाती लागले. त्या यादीत सर्वाधिक वेळा आलेला पासवर्ड होता एक ते सहा अंक ओळीने.

नियम पाळणाऱ्या कंपन्याही नोंदवहीपाशी अडखळल्या आहेत. सर्व्हरवर येणाऱ्या प्रत्येक मागणीची नोंद ठेवण्याची व्यवस्था असते आणि पासवर्डवर प्रक्रिया होण्याआधीच तो या नोंदीत उमटू शकतो. मे २०१८ मध्ये ट्विटरने याच कारणावरून आपल्या ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला दिला. मार्च २०१९ मध्ये फेसबुकमध्येही कोट्यवधी वापरकर्त्यांचे पासवर्ड कंपनीच्या अंतर्गत साठ्यात वाचता येतील अशा रूपात आढळले. त्याबद्दल आयर्लंडच्या माहिती संरक्षण आयोगाने सप्टेंबर २०२४ मध्ये फेसबुकची मूळ कंपनी मेटाला ९ कोटी १० लाख युरोंचा दंड केला. या दोन्ही प्रसंगांत वापरकर्त्यांनी पासवर्ड कितीही अवघड ठेवला असता, तरी त्याचा उपयोग नव्हता.

मोडीत निघालेले नियम

‘एक मोठे अक्षर, एक अंक आणि एक चिन्ह हवेच’, ‘दर तीन महिन्यांनी बदला’, ‘येथे चिकटवता येणार नाही’ हे नियम अनेक संकेतस्थळांवर अजूनही दिसतात. त्यांतील पहिल्या दोहोंचा उगम प्रामुख्याने अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाण संस्थेने पूर्वी काढलेल्या मार्गदर्शिकेत सापडतो. त्या भागाचे लेखक बिल बर यांनी २०१७ मध्ये आपल्या सल्ल्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. कारण असे की, सक्ती झाली की माणसे ठरावीक पळवाटा काढतात. शब्दाच्या आरंभी मोठे अक्षर, शेवटी ‘एक’ आणि उद्गारचिन्ह. बदलण्याची वेळ आली की ‘एक’चे ‘दोन’. चोरांनाही या सवयी पाठ असतात.

त्याच संस्थेच्या २०१७ मधील सुधारित मार्गदर्शिकेने दिशा बदलली. लांब शब्दांना, अगदी ६४ अक्षरांपर्यंत, वाव द्यावा. रिकामी जागा चालू द्यावी. चोरीच्या याद्यांत आढळणारे शब्द नाकारावेत. संशय नसताना ठरावीक मुदतीने बदलण्याची सक्ती करू नये आणि चौकटीत पासवर्ड चिकटवण्यास परवानगी असावी, असे तीत सांगितले. २०२५ मधील चौथ्या आवृत्तीने हीच दिशा अधिक ठाम केली आणि केवळ पासवर्डवर प्रवेश मिळत असेल तर त्याची लांबी किमान १५ अक्षरे असावी, अशी अट घातली. चिकटवण्यास मनाई केल्याने पासवर्ड सांभाळणारे प्रोग्राम निरुपयोगी होतात आणि माणसे पुन्हा पाठ होणाऱ्या सोप्या शब्दांकडे वळतात. अपंग व्यक्तींना संकेतस्थळे वापरता यावीत यासाठी असलेल्या जागतिक निकषांच्या ऑक्टोबर २०२३ मधील आवृत्तीनेही प्रवेशासाठी केवळ स्मरणशक्तीवर विसंबण्याची सक्ती असू नये, असे म्हटले आहे.

मुंबईचा प्रयोग

चौकट कोणाच्या ताब्यात असावी, या प्रश्नाचे वेगळे उत्तर मुंबईत मुख्यालय असलेल्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने दिले. एप्रिल २०१६ मध्ये मुंबईत तत्कालीन गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते सुरू झालेल्या यूपीआय व्यवस्थेत पैसे पाठवण्याचे अ‍ॅप कोणत्याही कंपनीचे असले, तरी पिन क्रमांक टाकण्याचे पान त्या कंपनीचे नसते. महामंडळाने पुरवलेला एक सामाईक भाग प्रत्येक अ‍ॅपमध्ये बसवलेला असतो. पिन तेथेच घेतला जातो, मोबाइलवरच सांकेतिक रूपात बदलला जातो आणि मगच पुढे जातो. भोवतालच्या अ‍ॅपला तो वाचता येत नाही. त्यामुळे शेकडो कंपन्यांच्या हातून पिन सांभाळला जाण्याची चिंता उरत नाही. सर्वत्र सारखेच दिसणारे हे पान ग्राहकाच्या ओळखीचे होते, हा आणखी एक लाभ.

तरीही या पानासमोर फसवणूक झाली, कारण पान सुरक्षित असले तरी ते कशासाठी उघडले आहे, हे ग्राहकाला उमगत नसे. जुने सामान ऑनलाइन विकणाऱ्याला ‘पैसे घेण्यासाठी पिन टाका’ असे सांगून प्रत्यक्षात पैशांची मागणी पाठवली जाई. पिन टाकताच पैसे जमा होण्याऐवजी कापले जात. अखेर ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवरून अशी मागणी पाठवण्याची सोयच बंद करण्यात आली. चौकटीवर ‘किती रुपये, कोणाला जाणार’ हे ठळक अक्षरांत लिहिणे हाही सुरक्षेचाच भाग आहे, हा त्यातील बोध.

हुबेहूब खऱ्यासारखी दिसणारी बनावट चौकट, हा पासवर्डपुढील सर्वांत कठीण प्रश्न. नक्कल माणसाच्या डोळ्यांना ओळखता येत नाही. यंत्राला मात्र संकेतस्थळाच्या पत्त्यावरून ती ओळखता येते. पासवर्ड सांभाळणारा प्रोग्राम परक्या पत्त्यावर शब्द भरत नाही, तो याच गुणामुळे. ‘पासकी’ ही नवी पद्धत त्याहून पुढे जाते. मार्च २०१९ मध्ये प्रमाण म्हणून मान्य झालेल्या वेबऑथन तंत्रावर ती उभी असून मे २०२२ मध्ये अ‍ॅपल, गुगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी तिचा एकत्रित पुरस्कार केला. तीत टंकण्याजोगा शब्दच नसतो. मोबाइलमधील गुप्त किल्ली केवळ मूळ संकेतस्थळालाच उत्तर देते. अर्थात जोवर बहुसंख्य सेवा पासवर्डवर चालतात, तोवर त्याची चौकट नीट राखण्याला पर्याय नाही.

कायद्याची बाजू

दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क नुसार गुन्हा आहे. ऑक्टोबर २००९ पासून लागू झालेल्या या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. याच कायद्याखाली एप्रिल २०११ मध्ये केलेल्या नियमांत संवेदनशील वैयक्तिक माहितीची जी यादी आहे, तिच्यात पहिले नाव पासवर्डचे आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहितीच्या रक्षणासाठी वाजवी उपाय न योजणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद असून या कायद्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे.

वापरकर्त्यांनी काय पाहावे?

* प्रवेशअर्ज वा बिल भरून देणाऱ्या केंद्रात चालकाला पासवर्ड सांगू नये, त्याच्या वहीत लिहू देऊ नये. तो स्वतः टंकावा. ‘पासवर्ड जतन करावा का?’ या प्रश्नाला नकार द्यावा आणि काम संपताच बाहेर पडण्याची कळ दाबावी.
* निरोपातून वा ई-मेलमधून आलेल्या दुव्यावरून बँकेच्या पानावर जाऊ नये. पत्ता स्वतः टंकावा.
* पासवर्ड नाकारला गेल्यास पुन्हा टंकण्यापूर्वी कळफलक मराठीत आहे का आणि मोठ्या अक्षरांची कळ दाबलेली आहे का, हे पाहावे.
* ‘पासवर्ड विसरलो’ म्हटल्यावर एखाद्या संकेतस्थळाने जुना पासवर्डच ई-मेलने पाठवला, तर तेथे तो मूळ रूपात वाचता येतो, असे समजावे. तोच शब्द अन्यत्र वापरला असल्यास त्वरित बदलावा.
* बँकेच्या पानावर दिसणारी मागील प्रवेशाची वेळ वाचण्याची सवय ठेवावी. ती वेळ आपली नसल्यास बँकेला तत्काळ कळवावे.
* यूपीआयमध्ये पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच लागत नाही.
* फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यांत जाण्याआधी गोठवता यावेत, यासाठी पहिले काही तास मोलाचे असतात.